कोणत्या सालची गाडी?

फाळका म्हटल्यावर शहरातल्या वाचकाला दादासाहेब फाळके आठवतात. सातारा-सांगलीकडच्या माणसाला टेम्पोची मागची बाजू आठवते. मालवाहू गाडीच्या हौद्याला मागून लावलेली, खाली बिजागरी आणि दोन्ही कडांना साखळी-खिटी असलेली पत्र्याची किंवा लाकडाची पडदी म्हणजे फाळका. खिटी काढली की तो धाडकन खाली येतो. पाचगणी, भिलार, गुरेघर या पट्ट्यात डिसेंबरपासून एप्रिलपर्यंत स्ट्रॉबेरीचा तोडा चालू असतो. त्या दिवसांत इथं पहाटे कोंबड्याच्या आधी फाळके आरवतात.

मी वाईचा. मराठी विश्वकोशाचं कार्यालय आमच्या गावात असल्यामुळे शब्दांची आमच्याकडे वाण नाही असं आम्ही जरा ताठ मानेनं सांगतो. पण फाळका, हौदा, खिटी, पाटा, पासिंग हे शब्द मी शिकलो ते घाटाच्या पायथ्याशी, ऑइलनं काळ्या झालेल्या जमिनीवर उकिडवं बसून. या पुस्तकातली माणसंही तिथंच बसलेली आहेत. जुनी मालवाहू गाडी भंगारात न घालता ती पुन्हा बांधायची, चालवायची, जमलं तर तिच्यातून चार क्रेट न्यायचे, असा नाद लागलेले हे लोक. त्यांच्यात शेतकरी आहेत, हॉटेलवाले आहेत, निवृत्त फौजी आहेत, आणि पुण्या-मुंबईला नोकरी करून शनिवारी गावाकडे पळणारे आहेत. प्रस्तावना लिहायचं कबूल करताना मी एकच शंका काढली होती, पिकअप कशाला म्हणायचं? ती शंका पुस्तक वाचून झाल्यावरही पुरती फिटलेली नाही, आणि ते बरंच झालं.

आज आमच्याकडे नुसतं ‘पिकअप’ म्हटलं की बोलेरोची. तिच्याहून लहान टाटा एस, ती २००५ साली आली आणि लोकांनी तिला छोटा हत्ती करून टाकलं. त्याआधी सगळ्याच गाड्या टेम्पो होत्या. टेम्पो हा काही आपला शब्द नाही. जर्मनीतल्या हांबुर्गजवळच्या विडाल आणि सोन या कारखान्याच्या गाड्यांचं ते नाव. नवलमल फिरोदियांच्या पुढाकारानं १९५८ साली बजाज टेम्पो कंपनी निघाली, जर्मनांच्या सहकार्यानं तीनचाकी हॅन्सीट इथं तयार होऊ लागली, आणि पाहता पाहता विशेषनामाचं सामान्यनाम झालं. कंपनीनं २००५ साली स्वतःचं नाव बदलून फोर्स केलं, तरी लग्नाचं वऱ्हाड आणि कांद्याची पोती अजून टेम्पोतूनच जातात. त्याच कंपनीची मॅटाडोर. मॅटाडोर म्हणजे स्पेनमधला बैलाशी झुंजणारा गडी. आमच्याकडे खरसुंडीच्या बाजाराला खिलार खोंडं याच मॅटाडोरमधून डुलत जायची. कारखान्यात नाव ठेवणाऱ्यानं हे दृश्य पाहिलं असतं तर त्याला काय वाटलं असतं कोण जाणे.

जगात पिकअपचा जन्म कसा झाला ते थोडक्यात सांगतो, कारण आपली गोष्ट त्याच्या उलटी आहे. अमेरिकेत फोर्डनं १९२५ साली आपल्या मॉडेल टी गाडीला मागं छोटा हौदा लावून ती कारखान्यातूनच विकायला काढली. त्याआधी शेतकरी आणि सुतार आपापल्या मोटारींचा मागचा भाग उतरवून तिथं फळ्यांचं खोकं ठोकतच होते. फोर्डनं ते पाहिलं आणि खोकं स्वतः विकायला सुरुवात केली. ऑस्ट्रेलियात १९३४ साली ‘यूट’ आली. तिथली कथा अशी सांगतात, की एका शेतकऱ्याच्या बायकोनं कंपनीला पत्र पाठवलं होतं : रविवारी चर्चला जाता येईल आणि सोमवारी डुकरं बाजारात नेता येतील अशी एकच गाडी करून द्या. हे पत्र आमच्याकडच्या कुठल्याही बाईनं लिहिलं असतं. डुकरांच्या जागी दुधाच्या किटल्या आणि चर्चच्या जागी मांढरदेवीची यात्रा, एवढाच फरक. पण आमच्याकडे पत्राला उत्तर द्यायला बराच काळ कुणी नव्हतं. अमेरिकेत शेतकऱ्याचं खोकं कारखान्यात गेलं. इथं कारखान्याची गाडी शेतकऱ्याकडे आली आणि खोकं त्यानं स्वतःच ठोकलं.

कारखाने मात्र जवळच होते. जनरल मोटर्सनं १९२८ साली मुंबईत शिवडीला सुट्या भागांतून गाड्या जुळवायला सुरुवात केली होती. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज आणि फार्गो ट्रक निघू लागले. डॉज आणि फार्गो म्हणजे मुळात एकच ट्रक, नावाची पट्टी वेगळी. तरीही माझ्या ओळखीचे एक म्हातारे ड्रायव्हर ‘फार्गोची बातच न्यारी’ असं शेवटपर्यंत म्हणत राहिले. त्यांची समजूत काढण्याचा मी एकदा प्रयत्न केला, पुन्हा केला नाही. आणि १९४५ साली निघालेली महिंद्र अँड महंमद. त्यातले मलिक गुलाम महंमद पुढं पाकिस्तानचे गव्हर्नर जनरल झाले, आणि कंपनी महिंद्र अँड महिंद्र झाली. या कंपनीनं १९४९ साली माझगावात विलीज जीप जुळवायला घेतली. सातारा-सांगलीच्या दृष्टीनं या सगळ्यात मोठी गोष्ट हीच. डॉज-फार्गो हमरस्त्याची. शेताच्या बांधापर्यंत गेली ती जीप.

जीप काही माल वाहण्यासाठी बनली नव्हती. ती लढाईसाठी बनली होती. १९४१ ते १९४५ या काळात विलीज आणि फोर्ड या दोघांनी मिळून सहा लाखांवर जीप बनवल्या. महायुद्ध संपल्यावर त्यांतल्या कित्येक लष्करी लिलावातून नागरी हातांत आल्या. सातारा जिल्हा फौजेचा. अपशिंग्याच्या नावापुढं तर ‘मिलिटरी’ कायमचं चिकटलेलं. पलटणीत ड्रायव्हिंग शिकून आलेला माणूस गावोगाव होता, आणि त्याला चालवायला ओळखीची गाडीही मिळाली. त्यातून पसरणीचा घाट. वाई ते पाचगणी अंतर जेमतेम बारा-तेरा किलोमीटर, पण तेवढ्यात चढ सहाशे मीटरच्या आसपास. जुन्या जीपला पुढं जायचे तीन गिअर. त्यातला पहिला असा, की गाडी चालती असताना तो सरळ पडत नाही. क्लच दाबून न्यूट्रल करायचं, क्लच सोडून ॲक्सिलरेटरला हलकी टाच द्यायची, पुन्हा क्लच दाबायचा, मग तो दात न खाता पडतो. याला डबल क्लच म्हणतात. वळणावर माल भरलेली गाडी, मागं एसटी हॉर्न मारतेय, आणि अशा वेळी डबल क्लच. ज्याला हे जमलं त्याला गावात मान होता.

आमच्याकडच्या बहुतेक जुन्या जीप युद्धातल्या नव्हेत. त्या सीजे-३बी जातीच्या, इथं वर्षानुवर्षं बनलेल्या. तिचं बॉनेट उंच, पुढून पाहिलं तर कपाळ मोठं असल्यासारखं. नवख्याला ती बेढब वाटते. पण त्या कपाळाला कारण आहे. युद्धातल्या जीपच्या इंजिनात दोन्ही प्रकारचे व्हॉल्व्ह बाजूला, ब्लॉकमध्ये होते. इंजिन बुटकं, बॉनेटही बुटकं. पुढच्या इंजिनात आकार तोच ठेवला, २,१९९ घन सेंटिमीटर, पण आत घेणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये नेले आणि बाहेर टाकणारे खालीच ठेवले. हवा मोकळी आत जाऊ लागली. साठ अश्वशक्तीचं इंजिन सत्तरच्या पुढं गेलं. पण हेड उंच झालं आणि जुन्या बॉनेटखाली मावेना. म्हणून बॉनेट वर उचललं. झालं एवढंच. अमेरिकेत १९५३ साली आलेलं हे रूप तिथं १९६८ मध्ये बंद पडलं. आपण ते पुढं कित्येक वर्षं चालवलं. म्हणून आज जगाला ही उंच कपाळाची जीप भारताची वाटते, आणि मला वाटतं तसं वाटण्यात गैर काही नाही.

महिंद्रांनी खरे पिकअपही काढले. एफसी-१५० नावाची पुढं चपटं तोंड असलेली गाडी, ड्रायव्हर जवळपास पुढच्या चाकांवर बसलेला आणि मागं सगळा हौदा. तिची मूळ रचनाही विलीजचीच. तिचे भक्त कमी पण कडवे. पुण्यात टाटांनी १९८८ साली टाटा मोबाइल काढली, तीही आता म्हातारपणाच्या उंबऱ्यावर आहे आणि तिच्याकडे कुणाचं लक्ष नाही. पुढच्या दहा वर्षांत सगळ्या भंगारात गेल्या की मग शोधत फिरतील. पण या पुस्तकातल्या निम्म्याहून अधिक गाड्या कारखान्यात बनलेल्या पिकअप नाहीत. त्या कापून पिकअप केलेल्या जीप आहेत.

एका जीपचं आयुष्य साधारण कसं जातं ते पाहा. ती येते पाटबंधारे खात्यात किंवा जिल्हा परिषदेत, नाहीतर साखर कारखान्यावर. दहा-पंधरा वर्षांनी लिलाव होतो. शेतकरी घेतो. मागची समोरासमोरची बाकं काढून दुधाच्या किटल्या ठेवतो. मग टप कापतो, केबिनच्या मागं पत्र्याची भिंत उभी करतो, चॅसिस लांबवून हौदा वाढवतो. १९७३ नंतर तेलाचे भाव भडकले, पेट्रोल परवडेना, म्हणून इंजिन काढून डिझेलचं बसवतो. महिंद्रांच्या जीपमध्येही आधी ट्रॅक्टरच्या घराण्यातलं डिझेल आलं आणि पुढं प्यूजोच्या परवान्याचं. तीच इंजिनं जुन्या पेट्रोल गाड्यांच्या पोटातही गेली. नव्वदच्या आसपास वडापचे दिवस येतात. वडाप हा आमच्या भागाचा खास शब्द. माणसं ओढून ओढून, कोंबून भरायची गाडी. हौद्यात पुन्हा बाकं, वर लोखंडी कमानी आणि ताडपत्री, मागच्या पायरीवर चौघं लोंबकळत. मग रस्ते सुधारतात, मोटारसायकली वाढतात, वडाप मंदावतं, बाकं निघतात आणि स्ट्रॉबेरीचे क्रेट चढतात. यातल्या प्रत्येक वळणावर कुणीतरी वेल्डिंग केलेलं असतं. प्रत्येक वेल्डिंगला एक कारण असतं, आणि ते कारण बहुतेक वेळा पैशाचं असतं.

आता या गाडीला ‘मूळ रूपात आणायचं’ असं मालक म्हणतो, तेव्हा तो कोणत्या सालाबद्दल बोलत असतो?

हा प्रश्न मला सुचला तो घरच्या अनुभवातून. भिलारच्या पुढं माझ्या आत्याचं घर आहे. तिच्याकडे अशीच एक कापलेली जीप होती, निळ्या रंगाची. फाळक्यावर पेंटरनं रंगवलेलं मोर आणि कमळ होतं. आत्या तिला गाडी म्हणत नसे, ‘निळी’ म्हणे. मामांच्या, म्हणजे आत्याच्या यजमानांच्या, शेवटच्या आजारपणात त्यांना साताऱ्याला नेलं तेही निळीच्या हौद्यात गादी टाकून. पुढं माझ्या आत्तेभावाला हौस आली आणि त्यानं गाडी पुण्याच्या एका गॅरेजात दिली. गॅरेजवाल्यांनी काम चांगलं केलं, हे मी आधीच सांगून टाकतो. पत्रा खरवडला, हौदा उतरवला, मागं कारखान्याच्या मापाचा नवा पत्रा जोडला, लष्करी हिरवा रंग मारला, बॉनेटवर पांढरा तारा काढला. आठ महिन्यांनी गाडी घाट चढून अंगणात उभी राहिली. आत्या पदराला हात पुसत बाहेर आली, एक चक्कर मारली आणि म्हणाली, “आरं, ही आपली गाडी न्हवं. आपली कुटं हाय?” आत्तेभावानं चॅसिसवरचा नंबर दाखवला. आत्याला चॅसिसच्या नंबराशी काय करायचं होतं? तिचा मोर गेला होता. आणि गंमत अशी, की तो पांढरा तारा त्या गाडीनं कधीच मिरवला नव्हता. ती युद्धानंतर कित्येक वर्षांनी मुंबईत जन्मलेली. आम्ही तिला दुसऱ्याच कुणाचा भूतकाळ चढवला होता.

तेव्हापासून मला ‘ओरिजिनल’ या शब्दाची थोडी भीती वाटते. जुन्या मोटारींच्या जगात तो सोन्यासारखा वापरतात. राजेरजवाड्यांच्या गाड्यांना तो शोभतो. कोल्हापूरला दसऱ्याच्या मिरवणुकीत राजाराम महाराजांची मेबॅक निघते. १९३० च्या दशकातली ती जर्मन गाडी पाहायला लोक झुंबड करतात. तिची निगा राखताना मूळ रूप हेच प्रमाण धरावं, कारण तिला कुणी कधी कापायची हिंमत केली नाही. पण जिचं सगळं मोलच कापाकापीत आहे, त्या गाडीला कारखान्याचं माप लावणं म्हणजे शेतकऱ्याच्या चाळीस वर्षांच्या अकलेवर रंगाचा हात फिरवणं. माझं मत एवढंच आहे. पुस्तकातल्या सगळ्यांना ते पटत नाही, आणि त्यांच्यातले काही माझ्याहून फार जास्त जाणतात.

एक सांगलीकडचे मालक म्हणतात, ‘दर मालकानं स्वतःची सोय बघितली, मग मी का नको?’ त्यांनी पॉवर स्टेअरिंग बसवलंय, पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक दिलेत. पसरणी घाट ड्रम ब्रेकवर उतरताना तळव्याला येणारा घाम ज्याला माहीत आहे, तो त्यांना नावं ठेवणार नाही. दुसरे एक आहेत, ते स्क्रूच्या डोक्याची खाचसुद्धा त्या काळची शोधतात. तिसरे माझ्या बाजूचे. त्यांनी गाडीला डिझेल इंजिनच ठेवलं, वडापच्या काळातल्या कमानी काढल्या नाहीत, फक्त गंज काढला. गावात त्यांना ‘एवढा पैसा घातला आन् गाडी हाय तशीच’ असं ऐकावं लागतं.

गंजाबद्दल मात्र सगळ्यांचं एकमत आहे. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तिथून १९ किलोमीटरवरच्या पाचगणीत त्याच्या निम्म्याहूनही कमी, वाईत त्याहून कितीतरी कमी, आणि सांगली जिल्ह्याच्या टोकाला जत-आटपाडीत माणसं आभाळाकडे बघत बसतात. म्हणजे दीडशे-दोनशे किलोमीटरच्या पट्ट्यात पत्र्याचं नशीब पार बदलतं. महाबळेश्वरची जीप वरून चकचकीत आणि पायाखाली चाळण. पेडलच्या खालचा पत्रा, सीटखालचा हत्यारांचा पेटारा, हौद्याचे कोपरे, चॅसिसला बॉडी जिथं बसते ते ब्रॅकेट, सगळीकडे पाणी मुरलेलं. वरून कुणीतरी लांबी भरून रंग मारलेला असतो, बोटानं ठोकलं की ‘टण’ऐवजी ‘थप’ वाजतं. जतची जीप उलटी. पत्रा ठणठणीत, पण रबर, वायरिंग, सीट यांचा उन्हानं पापड झालेला. रबर आणि वायर बाजारात मिळते. म्हणून माझा सल्ला : गाडी शोधायची तर दुष्काळी तालुक्यात शोधा आणि चालवायला घाटावर आणा.

इंजिन बांधण्याचं काम मात्र या भागात अडत नाही. ही लोखंडाची भूमी आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली माळरानावर किर्लोस्करवाडी वसवली ती नांगरांसाठी. साताऱ्यात धनजीशा कूपर यांनी कारखाना काढला. १९३७ साली मुंबई इलाख्याचे पहिले पंतप्रधान, आजच्या भाषेत मुख्यमंत्री, होते ते हेच कूपर. त्यांच्या कारखान्याच्या नावानं आजही सिलिंडरचे लायनर ओळखले जातात. कोल्हापूरचं उद्यमनगर तर चोवीस तास लेथच्या आवाजात जगतं. या सगळ्यामुळे शेतकऱ्याच्या तीन पिढ्यांना पिस्टन, लायनर, बेअरिंग हे शब्द बी-बियाण्यांइतके ओळखीचे झाले. ब्लॉक घासला असेल तर रिबोर करा, फारच घासला असेल तर लायनर ठोका, क्रँक ग्राइंड करून अंडरसाइज बेअरिंग टाका. हे सगळं करणारा मिस्त्री तासाभराच्या अंतरावर मिळतो. अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. दाराची जुनी बिजागरी, काचेच्या चौकटीची कडी, मीटरची सुई. या बारीक गोष्टींसाठी माणसं महिनोन् महिने थांबतात. शेवटी कुणीतरी पितळेत तशीच कडी ओतून देतो. ती कडी या पुस्तकात फोटोत दिसेल. मूळ कडीहून ती देखणी आहे, म्हणून ती ‘खोटी’ म्हणायची की काय ते वाचकांनी ठरवावं.

कायद्याचं काय? कायद्यानं हा प्रश्न आपल्या पद्धतीनं सोडवून टाकलाय. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारनं व्हिंटेज वाहनांसाठी वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं उलटलेली, मूळ रूपात राखलेली, चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न केलेली खासगी गाडी व्हिंटेज. तिला नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं मिळतात. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, फेरनोंदणीला ५,०००. ती रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालवायची नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, डिझेल-पेट्रोल भरायला जाणं आणि दुरुस्ती, एवढ्यासाठीच रस्त्यावर आणायची. आता आत्याची निळी या व्याख्येत कशी बसावी? तिचा जन्मच जणू फेरफारातला. शिवाय माल वाहण्यासाठी नोंदलेली गाडी या नियमाच्या भाषेत सहज मावत नाही. दुसऱ्या बाजूनं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. कारखान्यानं दिलेल्या तपशिलात बदल करता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये त्याच कलमाच्या आधारे स्पष्ट केलं. सुरक्षिततेच्या दृष्टीनं त्यात तथ्य आहे. चॅसिस वाटेल तशी लांबवलेली गाडी घाटात समोरून यावी असं मलाही वाटत नाही. पण त्यामुळे झालंय असं, की पन्नास वर्षांपूर्वीच्या एका गरजू माणसानं केलेलं वेल्डिंग आज त्याच्या नातवाच्या कागदपत्रांत आडवं येतं. आर.सी. बुकात एक गाडी, अंगणात दुसरी. पासिंगला न्यायची कुठली?

याहून मोठा घाव वेगळाच आहे. एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षं झालेल्या सरकारी गाड्यांची नोंदणी नव्यानं होत नाही, त्या मोडीत काढायच्या. हवेच्या दृष्टीनं हे योग्यच असेल. पण खात्याची जीप लिलावात घेऊन तिचं पिकअप करायची वाट त्यामुळे बंद झाली. म्हणजे या पुस्तकातल्या जातीच्या गाड्या आता नव्यानं जन्मणार नाहीत. आहेत तेवढ्याच.

आणि आहेत त्यांचंही काय चाललंय ते पाचगणीत दिसतं. टेबललँडकडे जाणाऱ्या रस्त्यावर हॉटेलांच्या दारात जुनी पिकअप उभी करायची फॅशन आली आहे. हौद्यात पिटुनियाच्या कुंड्या, बॉनेटवर स्ट्रॉबेरीचं चित्र, समोर फोटो काढणारी जोडपी. खाली पाहिलं तर टायरात हवा नाही आणि बॉनेट उघडलं तर इंजिनच नाही. मी त्याला वाईट म्हणणार नाही, भंगारापेक्षा कुंडी बरी. पण गाडी ज्या दिवशी कुंडी होते त्या दिवशी तिचा हिशोब संपतो. त्याउलट मोठमोठी टायरं लावून, छतावर दिव्यांची रांग बसवून, डोंगरात चिखल उडवत फिरणारी पोरं मला एकेकाळी आवडत नसत. आता मत बदललंय. त्यांची गाडी निदान चालते, तापते, बंद पडते, रात्री अडीच वाजता केळघरच्या घाटात ती सुरू करायला कुणाला तरी झोपेतून उठवावं लागतं. गाडीवर प्रेम करायची ती एक जुनीच रीत आहे.

या पुस्तकात मला सर्वांत मोलाची वाटली ती दर गाडीची वही. संपादकांनी प्रत्येक मालकाला गाडीचं काम सुरू करण्याआधी तिचे फोटो काढायला लावले आणि दर बदलाचं कारण घरातल्या म्हाताऱ्यांना विचारून लिहून घ्यायला लावलं. कोणतं वेल्डिंग कुणी केलं, हौदा कधी वाढवला, त्या वर्षी काय पिकलं होतं, काय विकावं लागलं होतं. मालकानं पुढं गाडी हिरवी करावी, लाल करावी, तारा काढावा, त्याची मर्जी. आधी वहीत लिहावं एवढाच आग्रह. आमच्या निळीची अशी वही नाही. मोराचा एक फोटो एका लग्नाच्या अल्बममध्ये सापडला, तोही अर्धा. पुढं वऱ्हाडातली एक बाई उभी आहे.

प्रस्तावना संपवता संपवता परवा भिलारला जाऊन आलो. २०१७ पासून ते पुस्तकांचं गाव झालंय, घरोघरी कपाटं आहेत, त्यातल्या एखाद्या कपाटात हे पुस्तकही जाऊन बसेल. आत्याकडे चहा घेतला. आत्तेभावानं आता दुसरी जीप आणलीय, आटपाडीकडची, हौदा कापलेला, डिझेलची, तिचा पत्रा खणखणीत आहे. या वेळी तो काही खरवडणार नाही म्हणाला, निदान आत्याला विचारल्याशिवाय. गोठ्याच्या कडेला ती उभी होती. काम मात्र बंद. हौद्यात भाताचा पेंढा पडला होता आणि त्यात मांजरीनं चार पिल्लं घातली होती. त्यांचे डोळे उघडेपर्यंत गाडीला हात लावायचा नाही, असा आत्याचा हुकूम आहे. फाळक्याची खिटी तिनं दोरीनं बांधून टाकलीय, कुणी चुकून धाडकन पाडू नये म्हणून.